आणीबाणीनंतरचे मराठी साहित्य : सिंहासनाची कथा आणि नीराकाठचा सवाल

बारामती/इंदापूर - २५ जून १९७५ रोजी देशात पुकारण्यात आलेली अंतर्गत आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. या घटनेला आता अर्धशतक होत आले आहे. नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, विरोधी पक्षांचे नेते व कार्यकर्ते तुरुंगात, अशी त्या एकवीस महिन्यांची ओळख इतिहासाच्या पुस्तकांतून होते. मात्र लेखणीवरील बंधने उठल्यानंतर मराठी लेखकांनी त्या मोकळेपणाचे काय केले, याची एकत्रित मांडणी अभावानेच आढळते. त्या काळातील पुस्तके जवळजवळ ठेवून पाहिली, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मराठीने प्रत्यक्ष आणीबाणीवर तुलनेने कमी लिहिले. सत्ता कशी चालते आणि परत मिळालेले स्वातंत्र्य नेमके कोणाचे, या दोन प्रश्नांवर पुष्कळ लिहिले. हे दोन्ही प्रश्न समजून घेण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडील बारामती आणि इंदापूर या तालुक्यांइतका सोयीचा प्रदेश दुसरा क्वचितच सापडेल.

उसाच्या पट्ट्यातील कौल

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेसचा धुव्वा उडाला. महाराष्ट्रात चित्र वेगळे होते. राज्यातील ४८ जागांपैकी काँग्रेसला २० व जनता पक्षाला १९ जागा मिळाल्या. उरलेल्या शेतकरी कामगार पक्ष, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष व रिपब्लिकन पक्ष (खोब्रागडे गट) यांच्याकडे गेल्या. सहकाराचे जाळे असलेला पश्चिम महाराष्ट्र काँग्रेसचा बालेकिल्ला समजला जात असे. तरीही बारामती लोकसभा मतदारसंघातून जनता पक्षाचे संभाजीराव काकडे निवडून आले. बारामती तालुक्यातील निंबुत हे त्यांचे गाव. १९८० मध्ये ही जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली आणि इंदापूरचे शंकरराव बाजीराव पाटील खासदार झाले.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आले. त्यातून बागायत व ऊस वाढला आणि त्यापाठोपाठ कारखानदारी आली. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर ही उद्योगनगरी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती आणि शिक्षणसंस्था या चार खांबांवर येथील राजकारण तोलले गेले. दुसरीकडे दोन्ही तालुक्यांत कालव्याचे पाणी न पोहोचणारा जिरायती पट्टा राहिला. उसाच्या फडाच्या कडेला पाल ठोकून राहणारी, कोणत्याही गावच्या दप्तरात पुरती नोंद नसलेली माणसेही याच भागात वावरत होती. आणीबाणीनंतरच्या मराठी साहित्यात या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाटांनी आल्या.

कऱ्हाडचे संमेलन

आणीबाणीच्या काळातील मराठी लेखकांच्या भूमिकेचा विचार डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाड येथे झालेल्या ५१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनापासून सुरू होतो. संमेलनाध्यक्ष होत्या दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण त्या वेळी नुकतेच अटकेतून सुटून मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आजाराशी झुंजत होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीस आराम पडावा यासाठी उपस्थितांना उभे राहून प्रार्थना करण्याचे आवाहन केले. केंद्रीय मंत्र्याच्या उपस्थितीत झालेली ही कृती मराठी साहित्यव्यवहारातील निर्भयतेची खूण मानली जाते. पुढे १९७६ मध्ये त्यांना मुंबईतील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून अटक झाली. आदल्या वर्षी इचलकरंजी येथील संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेले पु. ल. देशपांडे १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षाच्या प्रचारसभांतून बोलले.

यदुनाथ थत्ते यांच्या संपादकत्वाखालील ‘साधना’ साप्ताहिकाने सेन्सॉरशी सतत झुंज दिली. न्यायालयीन लढाईतही मुंबईचा वाटा मोठा आहे. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये निकाल दिला. सरकारच्या धोरणावरील टीका दडपून टाकणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असा त्याचा आशय होता.

तथापि सर्व मराठी लेखक एका बाजूला आणि सत्ता दुसऱ्या बाजूला, असे चित्र रंगविणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ‘गोलपिठा’मुळे मराठी कवितेत खळबळ उडवून देणारे आणि दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक असलेले नामदेव ढसाळ यांनी १९७६ मध्ये ‘प्रियदर्शिनी’ हे काव्य लिहून इंदिरा गांधी यांची बाजू घेतली. पवनारहून विनोबा भावे यांनी वापरलेल्या ‘अनुशासनपर्व’ या शब्दाचा सरकारी प्रचारात भरपूर उपयोग झाला. अनेक प्रतिष्ठित साहित्यिक गप्प राहिले. ज्यांना आणीबाणीपूर्वीही पोलिस चौकी, सावकार आणि गावकी यांच्यापुढे हक्क मिळाले नव्हते, त्यांच्यापैकी काहींना वीस कलमी कार्यक्रमात आशा दिसली. पुढील दहा वर्षांच्या साहित्यातील ताण समजण्यासाठी ही बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे.

तुरुंगातून आलेली पुस्तके

आणीबाणी उठताच प्रथम आले ते अनुभवकथन. पुण्याच्या येरवडा कारागृहात तेव्हा राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांच्यापासून समाजवादी व युवक चळवळीतील कार्यकर्त्यांपर्यंत अनेक विचारांचे स्थानबद्ध एकत्र होते. बाहेर एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे आत एका पंगतीला बसत. युवक क्रांती दलाचे डॉ. कुमार सप्तर्षी यांनी त्या दिवसांवर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘येरवडा विद्यापीठातील दिवस’ असे आहे. तुरुंगाला विद्यापीठ म्हणण्यातच त्या लेखनाचा सूर कळून येतो.

या प्रकारातील सर्वाधिक चर्चिले गेलेले पुस्तक म्हणजे विनय हर्डीकर यांचे ‘जनांचा प्रवाहो चालिला’ (१९७८). सत्याग्रह, कारावास आणि १९७७ ची निवडणूक यांचा हा वृत्तांत आहे. एका तरुण कार्यकर्त्याने आपल्या बाजूच्या माणसांचेही दोष न लपवता तो लिहिला, हे त्याचे वैशिष्ट्य. या पुस्तकाला पुढे राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला आणि १९८१ मध्ये तो रद्द करण्यात आला. त्या वेळी बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री होते. आणीबाणी संपून चार वर्षे उलटली होती, निवडणुका रीतसर झाल्या होत्या, सेन्सॉर नव्हता. तरीही एका पुस्तकाला दिलेला सन्मान परत घेतला गेला. हुकूमशाही प्रवृत्ती केवळ अधिसूचनेने येत नाही व अधिसूचनेने जातही नाही, याचा हा मराठीतील पहिला ठळक दाखला ठरला.

कवितेत या काळाची आठवण करून देणारा संग्रह म्हणजे मंगेश पाडगावकर यांचा ‘सलाम’. प्रेम, पाऊस व निसर्ग यांची गाणी लिहिणारा कवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाडगावकरांनी सामान्य माणसाच्या अंगात मुरलेल्या लाचारीवर येथे बोट ठेवले. या संग्रहाला १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कवितेतील राग एका व्यक्तीवर रोखलेला नाही. प्रत्येक पायरीवर कोणाला ना कोणाला मुजरा करीत जगणाऱ्या समाजावर तो आहे.

सत्तेचे यंत्र

येथपर्यंतचे लेखन आणीबाणीच्या थेट सावलीतले आहे. त्यानंतरची मराठी कादंबरी मात्र वेगळ्या दिशेने गेली. १९७७ मध्ये अरुण साधू यांची ‘सिंहासन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मुख्यमंत्री, त्याला पाडण्यासाठी टपलेले सहकारी, कामगार पुढारी, उद्योगपती, तस्कर आणि हे सर्व जवळून पाहणारा पत्रकार, असा तिचा पसारा आहे. हीच कादंबरी आणि साधूंची आधीची ‘मुंबई दिनांक’ यांवर विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि डॉ. जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ हा चित्रपट केला.

जब्बार पटेल यांचा बारामतीच्या शेजारी असलेल्या दौंड गावाशी निकटचा संबंध. बालरोगतज्ज्ञ म्हणून त्यांनी तेथे वैद्यकीय व्यवसाय केला. त्यांचा पहिला चित्रपट ‘सामना’ हाही तेंडुलकरांनीच लिहिलेला. त्यात निळू फुले यांनी साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील आणि डॉ. श्रीराम लागू यांनी त्याला एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारणारा मास्तर रंगविला. हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखविला गेला. म्हणजे ग्रामीण सत्तेच्या हुकमतीचे हे चित्रण आणीबाणी पुकारली जाण्यापूर्वीच पुरे झाले होते. दिल्लीतील एकाधिकारशाही प्रत्यक्षात येण्याआधी मराठी लेखकाला ती साखर कारखान्याच्या आवारात दिसली होती. ‘सामना’मधील गाव काल्पनिक आहे. तरी उसाच्या पट्ट्यातील कोणत्याही प्रेक्षकाला त्यातील जीपगाडी, बंगला आणि विश्रामगृह अनोळखी वाटले नाही.

वास्तवातील राजकारणानेही साधूंच्या कादंबरीला लवकरच जोड दिली. १८ जुलै १९७८ रोजी बारामतीचे आमदार शरद पवार वयाच्या ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडून त्यांनी स्थापन केलेल्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात जनता पक्ष सहभागी होता. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांचा पक्ष आणि आणीबाणीत सत्तेवर असलेल्या काँग्रेसमधून फुटलेले नेते असे अवघ्या सोळा महिन्यांत एका मंत्रिमंडळात बसले. इंदिरा गांधी जानेवारी १९८० मध्ये केंद्रात परतल्या आणि १७ फेब्रुवारी १९८० रोजी पुलोद सरकार बरखास्त झाले.

मराठीत जुलमी हुकूमशहा विरुद्ध शूर जनता अशी सरळ मांडणी करणारी मोठी कादंबरी रुजली नाही, याचे एक कारण या घडामोडींत शोधता येते. खलनायक आणि नायक यांची अदलाबदल लेखकाच्या डोळ्यांदेखत इतक्या वेगाने झाली, की त्याचे लक्ष माणसांवरून खुर्चीकडे गेले. व्यंकटेश माडगूळकर यांच्या १९८२ मधील कादंबरीचे नावच ‘सत्तांतर’ आहे. ही कथा वानरांच्या टोळीची आहे. टोळीचा म्होरक्या बदलतो, नवा नर जुन्याची पिल्ले मारतो आणि टोळीचे जगणे पुढे चालू राहते. माडगूळकरांनी ती निसर्गनिरीक्षणातून लिहिली; परंतु नुकतीच दोन-तीन सत्तांतरे पाहिलेल्या वाचकाने तिच्यात माणसांचे राजकारणही वाचले. या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

रंगभूमीवरही हाच कल दिसतो. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला आणि जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली थिएटर अकादमीने १९७८ मध्ये तो सादर केला. चोर, पोलिस आणि प्रतिष्ठित हे एकाच माळेचे मणी असल्याचे त्यात गाण्यांतून सांगितले होते. रत्नाकर मतकरी यांच्या ‘लोककथा ७८’ने गावातील दलितांवरील अत्याचाराचा विषय रंगमंचावर आणला. तेंडुलकरांच्या ‘कमला’ (१९८१) या नाटकाने तर सेन्सॉर उठल्यानंतर उजळ माथ्याने वावरू लागलेल्या शोधपत्रकारितेचीच उलटतपासणी केली. बाजारातून विकत आणलेली स्त्री बातमीसाठी लोकांपुढे उभी करणारा पत्रकार घरात आपल्या पत्नीशी कसा वागतो, हा या नाटकाचा विषय आहे.

नीरेपलीकडून आलेला आवाज

सत्तेच्या यंत्राचे हे चित्रण प्रामुख्याने ते जवळून पाहणाऱ्या शहरी लेखकांचे होते. दुसरा प्रश्न विचारणारे लेखक वेगळ्या ठिकाणाहून आले. १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. त्यानंतर प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) अशी आत्मकथनांची रांगच लागली. ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ ही दोन्ही पुस्तके ‘ग्रंथाली’ने काढली. वाचकांपर्यंत स्वस्तात चांगले पुस्तक पोहोचविण्यासाठी सत्तरच्या दशकात सुरू झालेली ही वाचक चळवळ नव्या लेखकांना मोठा आधार ठरली. जे लेखक प्रस्थापित प्रकाशकांच्या दारात कदाचित ताटकळले असते, ते तिच्यामुळे मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात पोहोचले.

‘उपरा’ची भूमी बारामती-इंदापूरच्या अगदी लगतची आहे. लक्ष्मण माने यांचा जन्म १९४९ मध्ये फलटण तालुक्यातील सोमंथळीचा. नीरा नदीच्या अलीकडे पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर आणि पलीकडे सातारा जिल्ह्यातील फलटण. कैकाडी समाजातील हे कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडे, फोकाच्या पाट्या व कणग्या विणून देई आणि मिळेल त्या भाकरतुकड्यावर जगे. मुलाने शिकावे असा बापाचा हट्ट, शाळेतील अवहेलना, पोलिसांचा ससेमिरा, जातपंचायतीचा जाच आणि आंतरजातीय विवाहानंतर दोन्ही बाजूंनी वाट्याला आलेले उपरेपण यांचे हे कथन आहे. १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, तेव्हा लेखकाचे वय अवघे बत्तीस वर्षांच्या आसपास होते.

याच परिसरातील दुसरे पुस्तक म्हणजे बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. पुरंदर तालुक्यातील वीरगाव हे त्यांचे जन्मगाव आणि फलटण ही कर्मभूमी. दुकान सांभाळताना त्या लिहीत आणि घरातील कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून कागद लपवून ठेवीत. ते लेखन सुमारे वीस वर्षे तसेच पडून राहिले. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः छापले गेले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातील दारिद्र्य व अस्पृश्यता यांच्याबरोबरच घरातील पुरुषाची सत्ताही त्यांनी लिहून ठेवली. २००८ मध्ये माया पंडित यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. त्याचे नाव ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’, अर्थात आम्ही फोडलेले तुरुंग, असे आहे. येरवड्याच्या तुरुंगावरील पुस्तकांशेजारी हे नाव ठेवले, की स्वातंत्र्याचा दुसरा अर्थ स्पष्ट होतो. बेबीताईंच्या कागदांवर कोणत्याही सरकारी सेन्सॉरचा शिक्का नव्हता, तरी ते वीस वर्षे बाहेर येऊ शकले नाहीत.

‘उपरा’ किंवा ‘जिणं आमुचं’ ही आणीबाणीवरची पुस्तके नव्हेत. परंतु मूलभूत हक्क स्थगित होणे म्हणजे काय, हे ज्या वाचकाने एकवीस महिने प्रथमच अनुभवले होते, त्याच्या हाती ही पुस्तके पडली. पोलिस विनाकारण उचलून नेऊ शकतो, तक्रार करण्यास जागा नसते, बोलल्यास शिक्षा होते, या गोष्टी काही समाजांच्या नित्याच्या जगण्याचा भाग आहेत, हे त्याला त्यातून कळले. आत्मकथनांना मिळालेल्या व्यापक प्रतिसादामागे हेही एक कारण असावे.

नव्या स्वातंत्र्याच्या मर्यादाही याच काळात उघड झाल्या. पुलोद सरकार आल्यानंतर नऊ दिवसांनी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत संमत झाला. त्यावर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि अंमलबजावणी लांबली. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, पवार पुन्हा मुख्यमंत्री असताना. दरम्यानच्या सोळा वर्षांतील दलित कवितेवर व कथेवर नामांतर लढ्याची गडद छाया आहे.

इंदापूरच्या वाचकाला आणखी एक पुस्तक जवळचे वाटते. भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयात तालुक्यातील अनेक गावे गेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरल्यावर आजही दिसते. धरणाचे काम १९८० मध्ये पुरे झाले. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) या कादंबरीत धरणग्रस्तांची परवड आहे. तिची कथाभूमी वेगळी असली, तरी जमिनीची नोटीस, मोबदल्यासाठीचे हेलपाटे आणि पुनर्वसनाच्या नावाखाली मिळालेले माळरान हे तपशील उजनीच्या काठावर राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला.

इतर भाषांत आणि फिलिपिन्समध्ये

अन्य भारतीय भाषांत व इंग्रजीत आणीबाणीवर थेट कादंबऱ्या झाल्या. हिंदीत राही मासूम रझा यांची ‘कटरा बी आर्जू’ (१९७८), मल्याळममध्ये ओ. व्ही. विजयन यांची ‘धर्मपुराणम्’ (१९८५), इंग्रजीत सलमान रश्दी यांची ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ (१९८१), नयनतारा सहगल यांची ‘रिच लाइक अस’ (१९८५) आणि रोहिंटन मिस्त्री यांची ‘अ फाइन बॅलन्स’ (१९९५) ही ठळक नावे होत.

तुलनेसाठी फिलिपिन्सचे उदाहरण उद्बोधक आहे. फर्डिनांड मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये तेथे लष्करी कायदा लागू केला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये जनतेच्या उठावाने त्यांना देश सोडावा लागला. चौदा वर्षांची ही राजवट तेथील साहित्याचा मध्यवर्ती विषय बनली. लुआल्हाती बाउतिस्ता यांच्या ‘देकादा ७०’ या कादंबरीत पाच मुलगे असलेल्या मध्यमवर्गीय आईच्या नजरेतून तो काळ येतो. राजवट चालू असतानाच, १९८३ मध्ये, तिला त्या देशातील प्रतिष्ठेचा पलांका पुरस्कार मिळाला. तुरुंगवास भोगून परदेशी गेलेल्या निनोत्का रोस्का यांची ‘स्टेट ऑफ वॉर’ (१९८८) आणि जेसिका हॅगेडॉर्न यांची ‘डॉगईटर्स’ (१९९०) या कादंबऱ्या मार्कोस गेल्यानंतर आल्या. एवढे लिहिले जाऊनही २०२२ च्या निवडणुकीत मार्कोस यांचे पुत्र राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. तेव्हापासून मार्कोस काळाच्या आठवणी जपणारी पुस्तके तेथे नव्या निकडीने वाचली जाऊ लागली.

भारतात सत्तेवरून गेलेल्या नेत्या तीन वर्षांच्या आत मतपेटीतूनच परतल्या. मराठी लेखकाला आपला भूतकाळ दूर ठेवून त्याकडे शांतपणे पाहण्यास अवधीच मिळाला नाही. एकवीस महिन्यांचा अनुभव तुलनेने लहान होता आणि त्याआधीची व नंतरची सत्ता त्याच माणसांची होती. त्यामुळे त्याचे लेखन फिलिपिनो कादंबरीसारखे एका राजवटीचे स्मारक झाले नाही. ते चालू सत्तेशी चाललेला वाद बनले.

राजाश्रयाचा जुना प्रश्न

हा वाद बारामतीला नवा नाही. पंडित कवी मोरोपंत (१७२९-१७९४) यांनी येथेच पेशव्यांचे आप्त बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने आयुष्य घालविले व ‘केकावली’सह विपुल रचना केली. आश्रयदाता उदार असेल तर कवीला निवांतपणा लाभतो, पण त्याच्याविषयी काय लिहायचे नाही हेही बहुधा त्यातच ठरते. लोकशाहीत राजाश्रयाची जागा शासकीय पुरस्कार, साहित्य संमेलनांची अनुदाने, समित्यांवरील नेमणुका आणि शिक्षणसंस्थांचे व्यासपीठ यांनी घेतली. बारामतीत १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान सुरू झाल्यानंतर ग्रामीण भागातील शिकलेला वाचक तयार झाला, ही निःसंशय मोठी उपलब्धी आहे. २०१२ मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनही येथे भरले. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणविसांची भूमिका गाजविणारे डॉ. मोहन आगाशे त्याचे अध्यक्ष होते. कोतवाल घडविणाऱ्या सत्तेचे नाटक करणारा नट राजकारण्यांच्या गावी अध्यक्ष म्हणून येतो, यात महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनाचा मोकळेपणा आहे आणि त्याची सत्तेशी असलेली जवळीकही आहे.

ही जवळीक अडचणीची ठरते ती लेखक विरोधी बोलू लागल्यावर. १९९६ मध्ये पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार स्वीकारताना पु. ल. देशपांडे यांनी तत्कालीन राजवटीच्या कार्यशैलीविषयी नापसंती व्यक्त केली, तेव्हा सत्ताधाऱ्यांकडून त्यांच्यावर बोचरी टीका झाली. दुर्गा भागवत यांनी पुढे शासकीय व बड्या सन्मानांपासून स्वतःला दूर ठेवणेच पसंत केले. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाद गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य शासनाचा पुरस्कार काही दिवसांतच रद्द झाला. त्याच्या निषेधार्थ काही लेखकांनी आपले पुरस्कार परत केले, तर काहींनी शासकीय मंडळांचे राजीनामे दिले. हर्डीकरांच्या पुस्तकाचे १९८१ मधील प्रकरण त्या वेळी सर्वांना आठवले. दोन्ही वेळी सत्तेवरील पक्ष वेगळे होते.

आणीबाणीच्या स्मृतीचीही अशीच ओढाताण चालू आहे. तेव्हाच्या बंदिवानांना मासिक मानधन देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये बंद झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. २०२४ मध्ये केंद्र सरकारने २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केला. सरकार बदलले की स्मृतीचा अर्थही बदलतो.

अशा वेळी पुस्तके अधिक भरवशाची ठरतात. ‘जनांचा प्रवाहो चालिला’ला दिलेला पुरस्कार काढून घेता आला, पुस्तक मात्र राहिले. बेबी कांबळे यांचे लपविलेले कागद अखेर जगापुढे आले. ‘सिंहासन’ वाचणाऱ्याला खुर्चीवर कोण बसले आहे यापेक्षा ती खुर्ची काय करते हे पाहण्याची सवय लागते, आणि ‘उपरा’ वाचणाऱ्याला निवडणुकीच्या निकालानंतरही कोण बाहेर उभा आहे हे विचारण्याची. आणीबाणीनंतरच्या मराठी साहित्याने वाचकाला दिलेला हा वारसा आहे. नीरेच्या दोन्ही काठांवर अजून ऊस आहे, कारखाने आहेत आणि दर हंगामात रस्त्याकडेला तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. तेथील मुलाने उद्या काही लिहिले, तर तो या परंपरेचा पुढचा लेखक असेल.

दृष्टिक्षेपात

१९७५ - २५ जून रोजी आणीबाणीची घोषणा. डिसेंबरमध्ये कऱ्हाडचे साहित्य संमेलन
१९७६ - दुर्गा भागवत यांना अटक; नामदेव ढसाळ यांचे ‘प्रियदर्शिनी’
१९७७ - २१ मार्च रोजी आणीबाणी समाप्त, बारामतीतून संभाजीराव काकडे लोकसभेवर, ‘सिंहासन’ कादंबरी
१९७८ - ‘जनांचा प्रवाहो चालिला’, ‘बलुतं’; पुलोद सरकार; विद्यापीठ नामांतराचा ठराव
१९७९ - ‘सिंहासन’ चित्रपट
१९८० - पुलोद सरकार बरखास्त, ‘उपरा’ प्रसिद्ध, ‘सलाम’ला साहित्य अकादमी पुरस्कार
१९८१ - ‘उपरा’ला साहित्य अकादमी पुरस्कार, हर्डीकरांच्या पुस्तकाचा राज्य पुरस्कार रद्द
१९८३ - ‘सत्तांतर’ला साहित्य अकादमी पुरस्कार
१९८६ - ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपात
२०२२ - ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादाचा पुरस्कार रद्द